गोरखा पलटणीचा इतिहास कसा शोधावा: पाचव्या गोरखा रायफल्सच्या धाग्याने

दुसऱ्या महायुद्धातल्या गुरखा बटालियनची वॉर डायरी, म्हणजे लढाईच्या काळातली तिची रोजची नोंद, उघडली की हानीच्या नोंदीत तीन संक्षेप पुन्हा पुन्हा दिसतात: बीओ, जीओ आणि जीओआर. बीओ म्हणजे ब्रिटिश अधिकारी, जीओ म्हणजे जमादार-सुभेदार दर्जाचे गुरखा अधिकारी आणि जीओआर म्हणजे ‘गुरखा अदर रँक्स’, अर्थात रायफलमनपासून हवालदारापर्यंत सगळे. बीओ पडला तर त्याचं आडनाव हमखास लिहिलेलं असतं, जीओचं कधी असतं, कधी नसतं. जीओआरपुढे मात्र बहुतेक वेळा फक्त आकडा असतो.

पलटणीचा इतिहास शोधायचा म्हणजे त्या आकड्यामागची नावं शोधायची, असं मी मानतो. लढाया, सेनापती आणि तारखा छापील पुस्तकांत मिळतातच. आपण कष्ट घ्यायचे ते या माणसांसाठी. त्याची पद्धत इथे एका खऱ्या रेजिमेंटच्या आधाराने मांडतो. ती रेजिमेंट म्हणजे पाचवी गोरखा रायफल्स (फ्रंटियर फोर्स).

पहिलं काम: रेजिमेंट सोडा, बटालियन धरा

‘मला गुरख्यांचा इतिहास अभ्यासायचा आहे’ म्हणून सुरुवात करणारे बहुतेक जण सहा महिन्यांत थकतात, कारण विषय अफाट आहे. इंग्रज-नेपाळ युद्ध चालू असतानाच १८१५ मध्ये पहिल्या गुरखा पलटणी उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या दहा रेजिमेंट झाल्या होत्या. १९४७ मध्ये भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात करार होऊन त्या वाटल्या गेल्या. पहिली, तिसरी, चौथी, पाचवी, आठवी आणि नववी भारताकडे राहिल्या. दुसरी, सहावी, सातवी आणि दहावी ब्रिटनकडे गेल्या. ब्रिटनकडे जायला नकार दिलेल्या सातव्या आणि दहाव्या रेजिमेंटच्या जवानांना सामावून घेण्यासाठी भारताने १९४८ मध्ये अकरावी गोरखा रायफल्स उभी केली.

कागदांच्या दृष्टीने ही वाटणी फार महत्त्वाची आहे. तुमची रेजिमेंट कोणत्या बाजूला गेली, त्यावर तिचं दफ्तर कुठे असेल हे बरंचसं ठरतं.

रेजिमेंट ठरली की तिच्यातली एक बटालियन निवडा. लढते ती बटालियन, डायरी लिहिते तीही बटालियनच. एकाच रेजिमेंटच्या चार बटालियन एकाच वर्षी चार ठिकाणी असू शकतात. दुसऱ्या महायुद्धात पाचवीची पहिली बटालियन इटलीत लढत होती आणि दुसरी ब्रह्मदेशात व मणिपुरात. युद्ध संपल्यावर हीच दुसरी बटालियन ताबा सैन्याबरोबर जपानला गेली आणि तिसरी जावा बेटावर होती. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर बटालियन लिहा, काळ लिहा आणि शक्य असेल तर एकच लढाई लिहा. उदाहरणार्थ: २/५ (म्हणजे पाचवीची दुसरी बटालियन), जून १९४४, बिशनपूर (मणिपूर). या तीन शब्दांवर वर्षभर पुरेल इतकं काम आहे.

नावांची यादी, शोधाच्या आधी

कुठल्याही सूचीत शोध घेण्याआधी तुमच्या पलटणीची सगळी जुनी नावं एका कागदावर उतरवा. पाचवी रेजिमेंट १८५८ मध्ये अबोटाबादला उभी राहिली, तेव्हा तिचं नाव होतं पंचविसावी पंजाब इन्फंट्री किंवा हजारा गुरखा बटालियन. १८६१ मध्ये ती पाचवी गुरखा झाली. १९०३ मध्ये नावापुढे ‘फ्रंटियर फोर्स’ लागलं, १९२१ मध्ये ‘रॉयल’ आलं. १९४९ मध्ये ‘गुरखा’चं ‘गोरखा’ झालं आणि भारत प्रजासत्ताक झाल्यावर ‘रॉयल’ गेलं. रोमन लिपीत तर ‘गुरखा’ शब्दाचीच किमान तीन स्पेलिंगं आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत दोन ‘ओ’ असलेलं स्पेलिंग (Goorkha) येतं, पुढे ‘यू’वालं (Gurkha) आणि १९४९ नंतर भारतात एक ‘ओ’वालं (Gorkha). ऑनलाइन सूचीत एकाच स्पेलिंगने शोध घेतला तर अर्धं साहित्य दिसतच नाही.

आकड्यांचाही घोटाळा होतो, आणि हा घोटाळा आपल्या मराठी माणसाला जवळून भेटतो. ‘१/५’ म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन. पण कोणत्या पाचव्या? १९४३ च्या नोव्हेंबरात इटलीतल्या सांग्रो नदीवर आठवी भारतीय डिव्हिजन लढली. तिच्या सतराव्या ब्रिगेडमध्ये १/५ रॉयल गुरखा रायफल्स होती आणि एकविसाव्या ब्रिगेडमध्ये १/५ मराठा लाइट इन्फंट्री. डिव्हिजन एक, लढाई एक, आकडाही एकच! एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर ज्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं ते नामदेव जाधव या १/५ मराठाचे. घाईत लिहिलेल्या संदेशांत नुसतं ‘१/५’ दिसलं की ब्रिगेडचा क्रमांक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी स्वतः एकदा आठवडाभराची टिपणं भलत्याच पलटणीच्या नावावर जमा केली होती. तेव्हापासून प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर ब्रिगेड आणि डिव्हिजन लिहितो.

छापील इतिहास वाचायचा, पण कसा

पाचवीचा अधिकृत इतिहास दोन खंडांत आहे: पहिला १८५८ ते १९२८ चा आणि दुसरा १९२९ ते १९४७ चा. हे खंड आधी वाचावेत. त्यातून सांगाडा मिळतो: पलटण कोणत्या वर्षी कुठे होती, कोणाच्या हाताखाली होती, कुठल्या मोहिमेत गेली. पण ते पलटणीच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या वर्तुळात, त्यांच्या नजरेतून आणि त्यांच्याच आठवणींवर उभे राहिलेले आहेत. वाचताना समासात दोन खुणा करत जा. जिथे एखाद्या गुरख्याचं पूर्ण नाव आलं तिथे एक, आणि जिथे ‘माणसं शौर्याने लढली’ अशी मोघम ओळ आली तिथे दुसरी. दुसऱ्या प्रकारच्या खुणा हीच तुमची पुढची कामाची यादी.

अधिकाऱ्यांची माहिती मिळवणं तुलनेने सोपं. इंडियन आर्मी लिस्टचे, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील याद्यांचे, जुने अंक स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्यांत ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर सुभेदार-जमादारांची नावंही नियुक्तीच्या तारखांसह दिलेली असतात. हा भाग लोक सहज ओलांडून जातात, पण तिथेच पहिली गुरखा नावं हाती लागतात.

वॉर डायरी

वॉर डायरी म्हणजे बटालियनने लढाईच्या काळात रोज लिहायची अधिकृत नोंद. पहिल्या महायुद्धात ती ‘आर्मी फॉर्म सी २११८’ या छापील कागदावर लिहीत: जागा, तारीख, वेळ, घडामोडींचा गोषवारा आणि शेवटी परिशिष्टांचे संदर्भ.

या डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पहिल्या महायुद्धाच्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत, इटलीच्या मोहिमेच्या डब्ल्यूओ १७० मध्ये आणि आग्नेय आशियाच्या, म्हणजे ब्रह्मदेश-मणिपूरच्या, डब्ल्यूओ १७२ मध्ये. शोधताना ही अक्षरं रोमनमध्ये टाइप करा आणि पुढे रेजिमेंटचं नाव व वर्ष द्या. पाचवीची पहिली बटालियन १९१५ मध्ये गॅलिपोलीत होती, त्यामुळे तिथली डायरी हवी असेल तर डब्ल्यूओ ९५.

डायरी वाचायला बसताना तीन गोष्टी लक्षात असू द्या.

लिहिणारा बहुतेक वेळा अॅड्ज्युटंट, म्हणजे बटालियनचं प्रशासन सांभाळणारा अधिकारी, असतो आणि तो दमलेला असतो. घमासान लढाईच्या दिवशी दोन ओळी आणि आरामाच्या दिवशी अर्धं पान, असं उलटं प्रमाण सर्रास दिसतं. नोंद छोटी आहे म्हणून दिवस शांत गेला असं समजू नका.

परिशिष्टं सोडू नका. हल्ल्याचे आदेश, नकाशे, गस्तीचे अहवाल तिथे असतात, आणि नशीब असेल तर नावांच्या याद्याही. पुष्कळ जण मुख्य पानांचे फोटो काढून परत येतात आणि खरा ऐवज फायलीतच राहतो.

तिसरी गोष्ट माघारीची. २३ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे ब्रह्मदेशात सित्तांग नदीवरचा पूल उडवला गेला, तेव्हा सतराव्या डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडच्या तीरावर अडकला. २/५ याच डिव्हिजनमध्ये होती. जिथे माणसांनाच पोहून नदी ओलांडावी लागली तिथे कागद कुठून टिकणार! अशा काळातली एखादी डायरी फारच सुबक, सलग आणि एकाच हाताची दिसली, तर ती नंतर आठवणीतून लिहिलेली असू शकते. तिच्यातल्या वेळा आणि आकडे ब्रिगेड व डिव्हिजनच्या डायऱ्यांशी ताडून पाहा. किंबहुना नियमच करा की बटालियनची डायरी एकटी वाचायची नाही. शेजारच्या बटालियनची आणि वरच्या ब्रिगेडची सोबत ठेवायची.

जागांची नावंही तपासावी लागतात. कागदातलं ‘बिशनपूर’ म्हणजे आजचं मणिपूरमधलं बिष्णुपूर, लोकटाक सरोवराच्या काठाजवळचं. आजच्या नकाशात जुनं स्पेलिंग टाकलं तर काहीच सापडत नाही.

आकड्यावरून नावाकडे

आता मुख्य काम. डायरीतून तारीख आणि जीओआरचा आकडा मिळाला. पुढची पायरी म्हणजे राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची, अर्थात सीडब्ल्यूजीसीची, मोफत सूची. तिच्यात रेजिमेंट निवडा, मृत्यूच्या तारखांमध्ये लढाईच्या आधीचा एक दिवस आणि नंतरचे दोन-तीन दिवस घ्या, आणि येणारी यादी उतरवून घ्या. एकाच तारखेवर अडून बसू नका. जखमी दुसऱ्या दिवशी गेलेला असतो, बेपत्ता माणसाची तारीख अंदाजाने लावलेली असते.

दुसऱ्या महायुद्धातल्या पुष्कळ नोंदींत ‘अधिक माहिती’च्या रकान्यात वडिलांचं नाव, पत्नीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. मी पहिल्यांदा असा रकाना उघडला तेव्हा बराच वेळ पुढची नोंद उघडली नाही. तोवर ज्याला आपण आकडा म्हणत होतो, त्याच्या मागे कुणाची तरी बायको नावानिशी उभी होती.

गावापुढे कधी ‘पश्चिम नंबर अमुक’ किंवा ‘पूर्व नंबर तमुक’ असं दिसेल. ते नेपाळचे जुने जिल्हे. १९६० च्या दशकात तिथे नवी जिल्हारचना झाली आणि हे क्रमांक गेले. गावाचं नाव घेऊन आजचा जिल्हा वेगळा शोधावा लागतो. एकाच नावाची गावं पाच ठिकाणी असतात, त्यामुळे खात्री होईपर्यंत ‘बहुधा’ हा शब्द टिपणात ठेवा.

स्मारकांबद्दलही थोडं. हिंदू सैनिकांचं बऱ्याचदा दहन होत असे, म्हणून थडगं सापडेलच असं धरू नका. ब्रह्मदेशात पडलेल्या आणि ज्ञात समाधी नसलेल्या सैनिकांची नावं यंगूनजवळच्या ताउक्यान इथल्या रंगून स्मारकावर आहेत. तिथे सुमारे २७,००० नावं कोरली आहेत. इंफाळमध्ये दहन झालेल्यांचं वेगळं स्मारक आहे. इटलीत रिमिनीला तर गुरखा सैनिकांची स्वतंत्र युद्धस्मशानभूमी आहे. पहिल्या महायुद्धाबाबत मात्र सावध राहा. इराकमधल्या बसरा स्मारकाच्या भिंतीवर ब्रिटिशांची नावं कोरली गेली, हिंदी शिपायांची नाहीत. २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच्याच समितीचा अहवाल प्रसिद्ध करून, आशियाई आणि आफ्रिकी सैनिकांचं स्मरण समान रीतीने झालं नाही, हे मान्य केलं. दगडावर नाव नाही म्हणजे तो माणूस तिथे नव्हता, असा निष्कर्ष कधीही काढू नका.

पदकांचा माग

शौर्यपदकाचं मानपत्र हा असा कागद आहे, ज्यात सामान्य रायफलमन नावानिशी, कृतीनिशी दिसतो. ‘लंडन गॅझेट’, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, ऑनलाइन मोफत आहे. शिफारशींचे मूळ कागद क्यू इथे डब्ल्यूओ ३७३ या मालिकेत आहेत, आणि ते छापील मानपत्रापेक्षा कधीकधी जास्त तपशिलाचे असतात.

२/५ चं उदाहरण घ्या. २६ जून १९४४ रोजी बिशनपूरच्या पश्चिमेकडच्या डोंगरावर दोन छोट्या चौक्यांवरून लढाई चालली होती: ‘मॉर्टर ब्लफ’ आणि ‘वॉटर पिकेट’. सुभेदार नेत्रबहादुर थापा यांनी आपल्या मूठभर माणसांनिशी मॉर्टर ब्लफ रात्रभर लढवली आणि तिथेच ते पडले. त्याच दिवशी त्या चौक्या परत घेणाऱ्या प्रतिहल्ल्यात नाईक अगनसिंग राई होते. एकाच बटालियनच्या दोघांना एकाच दिवसाच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी मे १९४३ मध्ये चिन टेकड्यांत याच बटालियनचे हवालदार गजे घले यांनाही तो मिळाला होता. तिकडे इटलीत, नोव्हेंबर १९४४ मध्ये, पहिल्या बटालियनचे रायफलमन थमन गुरुङ यांना तो मरणोत्तर दिला गेला. नेत्रबहादुर आणि अगनसिंग यांची मानपत्रं शेजारी ठेवून वाचली की एकाच टेकडीचा पूर्ण दिवस हाती येतो, जो डायरीच्या चार ओळींत येत नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र व्हिक्टोरिया क्रॉस शोधून उपयोग नाही. १९११ पर्यंत तो हिंदी सैन्यातल्या एतद्देशीय सैनिकांना मिळूच शकत नव्हता. डिसेंबर १८७८ मध्ये अफगाणिस्तानातल्या पेइवार कोतलच्या लढाईत पाचवीचे कॅप्टन जॉन कुक यांना तो मिळाला. त्याच चढावर लढलेले गुरखे शोधायचे असतील तर ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’च्या नोंदी पाहा. ते त्यांच्यासाठीचं सर्वोच्च पदक होतं.

दिल्ली, शिलाँग, विंचेस्टर

पाचवीच्या सुरुवातीच्या काळाबद्दल एक बाब फारशी कुणाला ठाऊक नसते. ही पलटण पंजाब इर्रेग्युलर फोर्सचा भाग होती. हे दल १८८६ पर्यंत सरसेनापतीच्या नव्हे, तर पंजाब सरकारच्या हाताखाली होतं. त्यामुळे १८५८ ते १८८६ मधले पुष्कळ कागद लष्करी खात्यात नसून मुलकी आणि परराष्ट्र खात्याच्या कामकाजात मिळतात. दिल्लीत जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाण्याआधी त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर फॉरेन डिपार्टमेंटच्या सूचीत शोध घ्या. बऱ्याच फायली घरबसल्या वाचता येतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दफ्तरात लष्करी कागदांसाठी ‘एल/एमआयएल’ हा विभाग आहे.

१९४७ मध्ये ब्रिटिश अधिकारी परतताना पुष्कळ खासगी कागद, छायाचित्रं आणि अल्बम बरोबर घेऊन गेले. त्यांतलं बरंच आज विंचेस्टरच्या गुरखा संग्रहालयात आणि लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. भारताकडे आलेल्या रेजिमेंटचाही शोध तिथे घ्यावा लागतो, हे विसरू नका. अबोटाबाद पाकिस्तानात गेलं, त्यामुळे पलटणीचं जुनं घर आपल्याला दुरूनच पाहावं लागतं.

आज पाचवी आणि आठवी यांचं केंद्र शिलाँगला आहे: ५८ गोरखा प्रशिक्षण केंद्र. तिथे जायचं तर कमांडंटच्या नावे लेखी अर्ज करा. स्वतःची ओळख, विषय, नेमका कालखंड आणि कोणते कागद हवेत हे एका पानात लिहा. ‘पलटणीबद्दल सगळी माहिती द्या’ असा अर्ज कुणी हातात घेत नाही. ‘२/५, जून १९४४, हानीची यादी’ असं लिहिलं तर निदान कुणीतरी कपाट उघडून बघतो.

१९४७ नंतरचा काळ

इथे मराठी माणसाला एक दुवा सापडतो. १९७१ च्या युद्धात ४/५ गोरखा रायफल्सचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर करत होते. आटग्रामच्या लढाईनंतर ७ डिसेंबरला ही बटालियन हेलिकॉप्टरमधून आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटजवळ उतरवली गेली आणि पाकिस्तानी फौज शरण येईपर्यंत तिथे टिकून राहिली. हरोलीकरांना महावीर चक्र मिळालं. ही ४/५ मात्र १९६३ मध्ये नव्याने उभी राहिलेली. महायुद्धातल्या ४/५ शी तिचे कागद सलग जोडू नका.

या काळासाठी संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपुरस्कारांच्या संकेतस्थळावर मानपत्रं मिळतात. मंत्रालयाचा इतिहास विभाग दिल्लीत आहे. २०२१ च्या धोरणानुसार वॉर डायऱ्या आणि मोहिमांचे कागद त्याच्याकडे सोपवायचे आहेत आणि ते साधारणपणे २५ वर्षांनी खुले करायचे आहेत. प्रत्यक्षात काय खुलं झालं आहे ते लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा.

जे हयात आहेत त्यांच्याशी बोलायला मात्र धोरणाची वाट पाहू नका. १९७१ चा तरुण रायफलमन आज सत्तरीच्या पुढे आहे. त्याला ‘युद्धाबद्दल सांगा’ म्हणू नका. त्या दिवशी पाठीवर काय होतं, शेजारी कोण होता, पाणी कुठून आणलं, असं विचारा. नेपाळीचं जुजबी ज्ञान असेल तर फार फरक पडतो. आपल्याला लिपी येतेच, हा मराठी संशोधकाचा मोठा फायदा आहे.

नाव लिहिताना

एकाच कंपनीत चार-चार सारखी नावं असत. म्हणून पलटणीत माणसाला त्याच्या सैनिक क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांनी हाक मारत. तुम्हीही तेच करा: नाव, क्रमांक, दर्जा, बटालियन, तारीख. यातलं एकही सुटलं तर दोन माणसांचा एक माणूस होतो.

आडनावावरून रेजिमेंट ताडू नका. पाचवीत मुख्यतः मगर आणि गुरुङ, पूर्वेकडचे राई-लिंबू सातवीत आणि दहावीत, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि मोठ्या प्रमाणात ते खरंही आहे. पण बिशनपूरचे अगनसिंग पूर्व नेपाळातले राई, आणि ते पाचवीत होते.

नावं देवनागरीत उतरवताना रोमन स्पेलिंगचा मराठी उच्चार करू नका. नेपाळी माणूस स्वतः कसं लिहितो ते पाहा: गुरुङ, पुन, आले, घले. कारकुनाने १९४० मध्ये ऐकून लिहिलेलं रूप कंसात वेगळं ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला मूळ नोंद सापडेल. आणि सीडब्ल्यूजीसीच्या सूचीत एखाद्याचं नाव किंवा दर्जा चुकलेला आढळला, तर कागदाची प्रत जोडून त्यांना कळवा. पुरावा असेल तर ते नोंद दुरुस्त करतात.